माझ्याच हातांची भीती

ताई पहिल्या बाळंतपणाला मार्गासनीला आमच्याकडं आली, तेव्हा मी आठवीत होते. तिला मुलगा झाला. मला त्या बाळाचं वेडच लागलं होतं. शाळा सुटली की दप्तर दारात टाकून मी आधी झोळीत डोकावायचे. त्याच्या टाळूवरच्या तेलाचा वास, धुरीचा वास, त्याची मूठ उघडून त्यात आपलं बोट घालायचं आणि त्यानं ते घट्ट धरायचं, एवढ्यातच माझी संध्याकाळ जायची. ताई हसायची. "पोरगं माझं हाय का तुझं?" म्हणायची.

हे आधीच सांगते, कारण पुढं घरात सगळे म्हणायला लागले की हिला पहिल्यापासूनच ते पोरगं डोळ्यांत खुपत होतं. तसं नव्हतं.

एका सकाळी आई भांडी घासत होती. पप्पा टेम्पो घेऊन नसरापूरला गेले होते. ताईनं बाळ माझ्या हातात दिलं.

"जरा कोवळ्या उन्हात धर त्याला. म्या आंगूळ करून येते."

मी त्याला घेऊन परसदारी उभी राहिले. आमच्या घरामागं दुसऱ्यांचं वावर आहे आणि त्याच्या कडेला एक विहीर. लहानपणापासून बघत आलेली, काही नवी नाही. त्या दिवशी तिच्याकडं नजर गेली आणि डोक्यात आलं, ह्याला आत टाकलं तर?

कुणाचा आवाज नव्हता तो. माझाच विचार होता, माझ्याच बोलीतला. पण त्याच्यामागोमाग चित्र आलं. दुपटं सुटलेलं, पाणी हललेलं, माझे हात रिकामे. इतकं स्पष्ट, की मी खाली बघून बाळ खरंच हातात आहे का ते पाहिलं. होतं. जांभई देत होतं.

मी घरात पळाले, बाळाला जमिनीवरच्या गोधडीवर जवळजवळ आपटलंच, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ते किंचाळून रडायला लागलं. ताई ओल्या केसांनी धावत आली.

"अगं, असं टाकत्यात व्हय लेकराला? ध्यान कुठं हाय तुझं?"

'टाकत्यात' हा शब्द तिनं सहज वापरला. मला वाटलं, हिला कळलं.

असा विचार येतो आणि जातो, पुष्कळांना येतो, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की चांगल्या माणसाच्या डोक्यात असं काही येत नाही. माझ्या डोक्यात आलं, म्हणजे मी तशी आहे. आजवर कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही, एवढंच.

मी तो विचार घालवायला लागले आणि तो मुक्कामालाच आला. सकाळी डोळे उघडायच्या आत हजर. दात घासताना, गणितं करताना, जेवताना. आधी विहीर होती, मग विळी आली. आई विळीवर कांदा चिरायला बसली आणि बाळ पलीकडच्या झोळीत असलं, की मी उठून ओट्यावर जाऊन बसायचे. स्वयंपाकघरात जायचंच मी सोडलं. एकदा घरात कुणी नसताना विळी उचलून पत्र्याच्या पेटीमागं सरकवून दिली. उचलतानासुद्धा फडक्यात धरून उचलली. आई दोन्ही वेळचा स्वयंपाक सोडून ती शोधत बसली.

"विळीला काय पाय फुटलं का काय?" आई स्वतःशीच बोलत होती, आणि मी उंबऱ्यात बसून माझे हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

हात दाबून बसायची मला सवयच लागली. वर्गातही तशीच बसायचे. बाईंनी फळ्याजवळ बोलावलं की हात ओढणीत गुंडाळून जायचे. कंपासपेटीतलं कर्कटक मी शाळेतून येताना पुलावरून नदीत फेकून दिलं. बाळ घरात, कर्कटक दप्तरात, दप्तर खांद्याला. एवढ्या वाटेनंसुद्धा माझं मन त्या चित्रापाशी जाऊन पोचायचं.

आम्ही बौद्ध. रविवारी विहारात वंदनेला जायचं हे लहानपणापासून चालत आलेलं. मला वंदना तोंडपाठ होती आणि आवडायची. पंचशीलातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. त्या रविवारी सगळ्यांबरोबर ते म्हणताना माझा आवाज बसला. मला वाटलं, मी खोटं बोलते आहे, आणि ते समोरच्या मूर्तीला, बाबासाहेबांच्या तसबिरीला, पाठीमागं बसलेल्या बायांना, सगळ्यांना ऐकू जातंय. घरी आल्यावर मी ते शील मनात पुन्हा म्हटलं. नीट म्हटलं गेलं नाही असं वाटलं, म्हणून परत म्हटलं. मध्येच विहीर दिसली तर पहिल्यापासून. मग दिवसभर तेच चाललं. ओठ हलायचे. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं पुटपुटतीस?" मी म्हणायचे, कविता पाठ करतेय.

सहामाहीत मी गणितात नापास झाले. प्रगतिपुस्तकावर सही करून पप्पांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, एवढंच.

घरात बोलणं सुरू झालं होतंच. शेजारच्या काकू एक दिवस आईला ओट्यावर म्हणाल्या, मी आतून ऐकत होते.

"पोरगी वाळत चाललीया. बाळाकडं ढुंकून बगत न्हाई. मत्सर म्हनावा तर एवढी मोठी घोडी. मला तर बाहेरचं वाटतंय. गुंजवण्याकडं एक भगत हाय. नुसता तोंडाकडं बगून सांगतो कोन हाय ते."

कोण आहे ते! मी आतल्या खोलीत कोपऱ्यात सरकले. तो माणूस माझ्या तोंडाकडं बघेल आणि सगळ्यांसमोर सांगेल, बाहेरचं कुणी नाही, हीच आहे.

पप्पांना आईनं संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा ते भडकले. "आपल्यात असलं चालत न्हाई. बाबासाहेबांनी कशातनं भाईर काढलंय आपल्याला? पुन्यांदा ह्या घरात त्याचं नाव निघता कामा न्हाई." आई म्हणाली, "मग तुमी सांगा काय करायचं ते." पप्पा टेम्पो पुसायला बाहेर गेले. मला पप्पांचा अभिमान वाटायला हवा होता. पण भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. भूत काढता येतं.

भात काढणीचे दिवस आले. आई पहाटेच खाचरात जायची. घरी ताई, बाळ आणि दिवाळीच्या सुट्टीमुळं मी. बाळ आता हसायला लागलं होतं. मला बघून हसायचं. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. त्याला काही ठाऊकच नाही, असं वाटून मी तोंड फिरवायचे.

त्या दुपारी ताईला औषधाच्या दुकानात जायचं होतं. बाळ झोपलं होतं.

"ही गेले आन् ही आले," ती म्हणाली. "उठलं तर नुसतं झोळी हलव."

"ताई, मला घेऊन चल."

"आन् ह्याला कोन बगल?"

"मग त्याला घेऊन जा. ताई, पाया पडते. त्याला घेऊन जा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला झालंय तरी काय? उन्हात कुठं नेऊ झोपल्या लेकराला?" आणि ती चप्पल घालून गेली.

घर एकदम मोठं झालं. झोळीची दोरी थोडी हलत होती. मी दारात उभी होते आणि झोळीपर्यंत चार पावलं असतील. मला वाटलं, आता. आता अडवायला कुणी नाही. माझे हात मला माझे वाटेनात. हे हात आपण होऊन काहीतरी करतील आणि मी नुसती बघत राहीन. मी पाठीपाठी बाहेर आले, दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि ती कडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

थोड्या वेळानं बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग मोठ्यानं. दाराच्या पलीकडून ते रडणं येत होतं. आत जाऊन उचलावं म्हणून जीव तुटत होता, आणि आत गेले तर काय होईल म्हणून कडी सुटत नव्हती. बोटं पांढरी पडली. शेजारच्या काकू शेतात. रस्त्यानं एक जीप गेली, कुणी पाहिलं नाही. रडता रडता बाळाला आता खोकला यायला लागला.

ताई आली ती लांबूनच पळत. "दार कशापाय लावलंस? सोड! सोड म्हंते ना!" तिनं माझी बोटं कडीवरून सोडवली, आत गेली, लाल झालेल्या बाळाला छातीशी धरून बाहेर आली आणि माझ्या थोबाडीत मारली.

"एवढ्याशा जिवाला कोंडतीस? काय वाकडं केलंय गं त्यानं तुझं?"

आणि मी बोलून गेले. "म्या आत असते तर म्या त्याला मारून टाकलं असतं."

ताईनं दुसऱ्यांदा उगारलेला हात तसाच वर राहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाला घेऊन ती आत गेली आणि आतून कडी लावली. मी ओट्यावर बसून राहिले. आई खाचरातून येईस्तोवर तशीच बसले होते.

संध्याकाळी दाजी सारोळ्याहून गाडी घेऊन आले. ताईनंच फोन करून बोलावलं होतं. सव्वा महिना कधीच होऊन गेला होता, पण आणखी महिनाभर राहायचं ठरलं होतं. ती कपडे, दुपटी, गुटीची सहाण, सगळं भराभर पिशवीत कोंबत होती. दाजींना तिनं काही सांगितलं नसावं, कारण ते मला म्हणाले, "येतो बरं का, ह्या छोट्या पाहुण्याला बघायला ये सारोळ्याला." मी मान खाली घालून उभी. ताईनं जाताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आईला तिनं सांगितलं होतं. गाडी गेल्यावर आई माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या हातापायांना अजून भाताचं कुसळ चिकटलेलं होतं. ती पण घाबरली होती, मला ते दिसत होतं. तिनं माझ्यापासून जरासं अंतर ठेवलं होतं. मग ती सरकून जवळ आली आणि तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मी ते ओढून घ्यायला लागले, तिनं सोडले नाहीत.

"कवापासनं हाय हे?"

मी सगळं सांगितलं. विहीर, विळी, कर्कटक, शील. शेवटी आई एवढंच म्हणाली, "आन् तू एकटीच हे घिऊन फिरत हुतीस."

आमच्या गावात बाळांची वजनं करायला येणाऱ्या आशाताईंना आईनं दुसऱ्या दिवशी गाठलं. त्यांनाही हे काय असतं ते ठाऊक नव्हतं, पण भोरच्या सरकारी दवाखान्यात पुण्याहून मनाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, एवढं त्यांना माहीत होतं. पप्पांना पटेना. "वेड्याच्या डॉक्टरकडं? उद्या लगीन कसं व्हायचं पोरीचं?" आई म्हणाली, "भगताकडं न्हाई म्हनालात, म्या ऐकलं. आता हितं तुमी ऐका." आईला मी पप्पांशी असं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही एसटीनं निघालो. फाट्यावर गाडी बदलली. भोरच्या गाडीत माझ्या शेजारी एक बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि त्या मुलीनं माझी ओढणी धरली. मी खिडकीला चिकटले. आईनं न बोलता मला उठवलं आणि स्वतः मध्ये बसली.

पण खरी भीती दवाखान्यात होती. रांगेत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं होतं की डॉक्टर ऐकतील, आतल्या खोलीत जातील आणि पोलिसांना फोन करतील. त्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. त्या विचारत होत्या आणि लिहीत होत्या. त्यांचं पेन चाललं की मला वाटे, तक्रार लिहितायत. मी अडखळत सांगत गेले. संपल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

"हा विचार आला की तुला कसं वाटतं? करून बघावं असं वाटतं?"

"न्हाई!" मी ओरडलेच. बाहेरच्या लोकांनी आत डोकावून पाहिलं. "मला भ्या वाटतं. मरून जावं असं वाटतं."

"म्हणजे खरंच जीव द्यावासा वाटतो का तुला? नीट सांग, मी रागावणार नाही."

मी विचार केला. "न्हाई. मी इथनं लांब जावं असं वाटतं. त्याच्यापासनं लांब."

त्यांनी मान हलवली. मग आईलाही जवळ बसवून त्यांनी सांगितलं की हा एक आजार आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, जुन्या मराठीत मंत्रचळ म्हणायचे. कुणाला हात धुवायचा नाद लागतो, कुणाला कुलूप पुन्हा पुन्हा बघायचा, आणि कुणाला असे विचार येतात, तेही नेमके जे माणूस आपल्याला सगळ्यात प्रिय असतं त्याच्याबद्दल. "तुला बाळाची पर्वा नसती, तर हा विचार तुला चिकटला नसता," त्या म्हणाल्या.

आईनं डोळ्यांना पदर लावला. मला रडू आलं नाही. मी विचारलं, "पण तुमी चुकत असाल तर?"

त्या हसल्या. "हा प्रश्नसुद्धा आजारच विचारतोय."

त्या दिवशी मी बरी होऊन घरी आले असं झालं नाही. गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्यामुळं सुरुवातीला पोट बिघडलं. शिवाय डॉक्टरांनी जे करायला सांगितलं ते मला गोळ्यांपेक्षा भयंकर वाटलं. विळी लपवायची नाही. तिच्यावर भाजी चिरायची, रोज. विचार आला तर येऊ द्यायचा, त्याला उत्तर द्यायचं नाही, शील पुन्हा म्हणून त्याला पुसायचं नाही. पहिल्या दिवशी आई समोर बसली आणि मी विळीवर एक वांगं चिरलं. घामानं माझा ड्रेस पाठीला चिकटला. फोडी इतक्या ओबडधोबड झाल्या की पप्पा जेवताना म्हणाले, "आज वांगं कुनी फोडलं, दगडानं?" आई हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं होतं. मी पण हसले, आणि हसता हसता विचार आलाच. आला तसा राहिला थोडा वेळ. मी दुसरी भाकरी घेतली.

कमी व्हायला वर्ष लागलं. भोरच्या फेऱ्या चालू राहिल्या. पप्पा पहिल्यांदा टेम्पोनं सोडायला आले तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेरच थांबले. नंतर आत यायला लागले.

ताईकडं मात्र मी लवकर गेले नाही. आई मला सारोळ्याला घेऊन गेली तेव्हा बाळ धरून धरून उभं राहत होतं. ताईनं चहा केला, पोहे केले, पण पोराला एकदाही कडेवरून खाली ठेवलं नाही. मी समोर बसले होते, हात मांडीवर उघडे ठेवून, डॉक्टरांनी सांगितल्यासारखे. ते माझ्याकडं झेपावत होतं आणि ती त्याला मागं ओढत होती. मी तिला दोष दिला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बाळ दिलं नसतं. परतताना एसटीत मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले.

वर्षं गेली. पोरगा शाळेत जायला लागला, सुट्टीत मार्गासनीला राहायला यायला लागला, माझ्या अंगाखांद्यावर खेळायला लागला. बारावीच्या परीक्षेच्या वेळी माझा आजार परत आला, या वेळी गॅसच्या बटणाचं रूप घेऊन. मी तो ओळखला आणि स्वतःच भोरला गेले. आता मी पुण्यात शिकते. भीती अजून येते. आली की मी हातातलं काम पुढं चालू ठेवते. ताई आणि मी मात्र त्या दुपारबद्दल कधीच बोललो नव्हतो.

मागच्या वर्षी ताईला पुन्हा दिवस गेले. मी सारोळ्याला गेले होते. दाजी कामावर, पोरगा शाळेत. ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"त्या दिशी तू बोललीस ना, दारात."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मला बी येत हुतं तसलंच. बाळ झाल्यापासनं. त्याला न्हाऊ घालताना, पान्यात. म्या कुनाला सांगितलं न्हाई. आन् तू तेच तोंडानं बोललीस. मला वाटलं, घरातच कायतरी हाय. म्हनून पळाले म्या. तुला भिऊन न्हाई गं. लई मोठी बहीण म्हनवते, आन् तुला तशीच सोडून पळाले."

तिनं निवडलेली पानं परत देठांतच टाकली. ती ते एवढी वर्षं सांभाळत होती. मी शाळा बुडवून भोरला जात होते, आई माझ्याबरोबर होती. हिच्याबरोबर कुणी नव्हतं. त्या वेळी ती पोराला कडेवरून खाली ठेवत नव्हती, ते मला भिऊन की स्वतःच्याच विचारांना भिऊन, हे मी विचारलं नाही.

"आता परत येईल का गं ते?" तिनं विचारलं. "ह्या येळेला?"

मला खोटं बोलवेना. "येईल बी कदाचित."

तिनं मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई हायेत का अजून भोरला?"

त्या आता तिथं नव्हत्या, दुसरे कुणी येत होते. मी फोन करून वार विचारून घेतला. त्या वारी आम्ही दोघी एसटीत चढलो. ताईला खिडकी दिली. कापूरव्होळचा फाटा मागं पडेपर्यंत तिनं माझा हात सोडला नव्हता, आणि तिचा हात गार पडला होता.